एलईडी दिवा मंद करताना शेवटच्या टप्प्यातच का अडखळतो?

डिमरचं बटण फिरवायला लागलं की शंभर टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत बहुतेक एलईडी दिवे निमूट खाली येतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. कुठला दिवा थरथरायला लागतो, कुठला एकदम खालच्या पातळीवर उडी मारतो, तर कुठला बटण अजून बरंच फिरायचं बाकी असताना विझून मोकळा होतो. काही दिवे मंद ठेवून बंद केले की पुन्हा त्या जागेवर चालूच होत नाहीत. बटण आधी वर न्यायचं, दिवा लागला की परत खाली आणायचं. खोक्यावर मात्र ‘डिमेबल’ असं ठसठशीत छापलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

तारेच्या जुन्या बल्बाने असला त्रास कधी दिला नाही. त्यामुळे ‘हा दिवाच हलक्या प्रतीचा’ असं म्हणून विषय संपवला जातो. कधी कधी ते बरोबरही असतं, पण महागडे दिवेही तळाशी येऊन गडबडताना दिसतात. याचं कारण असं की प्रकाश जिथे सर्वांत कमी असतो तिथेच आपला डोळा सर्वांत चिकित्सक होतो, आणि नेमकं तिथेच दिव्यातलं सर्किट सर्वांत कच्चं पडतं.

जुन्या बल्बाला काही करावंच लागत नव्हतं

तारेचा बल्ब उष्णतेवर चालतो. वीज कमी केली की तार थोडी थंड होते, प्रकाश पिवळसर आणि मग तांबूस होत जातो. तार तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून विजेतले बारीकसारीक झटके प्रकाशात उतरतच नाहीत. घरगुती वापराचा सॉलिड-स्टेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा, डिमर जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये तयार केला, तो याच बल्बासाठी. भिंतीवरचे बरेच डिमर अजूनही त्याच तत्त्वावर चालतात.

एलईडीकडे ही उष्णतेची उधारी नाही. प्रवाह थांबला की एका मायक्रोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत, प्रकाशही थांबतो. सर्किटने केलेली प्रत्येक चूक एलईडी जशीच्या तशी दाखवतो.

दुसरी अडचण व्होल्टेजची. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्टच्या आसपास चालतो, पण त्या टापूत व्होल्टेज जरासं वाढलं तरी प्रवाह कितीतरी वाढतो. म्हणून एलईडीला व्होल्टेज देऊन चालत नाही, मोजूनमापून प्रवाह द्यावा लागतो. हे काम करणाऱ्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. बल्बासारख्या दिव्यात तो बुडाशी दडलेला असतो, मोठ्या दिव्यांत त्याची वेगळी डबी असते. दिवा मंद कसा होतो, हे जवळजवळ सगळं या ड्रायव्हरवर ठरतं.

डोळा टक्के मोजत नाही

प्रकाश निम्मा केला तर तो आपल्याला निम्मा वाटत नाही. डोळा फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो. प्रकाश १०० चा १०१ झाला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण १ चा २ झाला तर तो दुप्पट झालेला असतो आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळतो.

सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९७६ मध्ये उजळपणा मोजण्याचं एक सूत्र दिलं. त्या पट्टीवर ५० टक्के प्रकाश साधारण ७६ इतका उजळ वाटतो. निम्मा वाटायला प्रकाश जवळपास १८ टक्क्यांवर आणावा लागतो. १ टक्का प्रकाशही ९ इतका वाटतो, म्हणजे चक्क दिसतो. मला यातला सर्वांत बोलका आकडा ५ टक्क्यांचा वाटतो. ५ टक्के प्रकाश डोळ्याच्या पट्टीवर सुमारे २७ येतो. म्हणजे ड्रायव्हरच्या लेखी जे शेवटचे किरकोळ ५ टक्के, ते डोळ्याच्या लेखी पाव पट्टीहून जास्त आहेत. ड्रायव्हर ९५ टक्के काम चोख करून उरलेल्या पाचात घसरला, तर बघणाऱ्याच्या दृष्टीने त्याने चौथ्या हिश्श्याहून जास्त काम बिघडवलेलं असतं.

प्रवाह कमी केला की झालं, नाही का?

सर्वांत सरळ उपाय हाच. पूर्ण प्रकाशाला ३५० मिलिअँपिअर लागत असतील तर १ टक्क्याला ३.५ द्यायचे. याला ॲनालॉग डिमिंग म्हणतात. यात दिवा लुकलुकत नाही, कारण प्रवाह सलग असतो, फक्त कमी असतो.

पण प्रवाह किती आहे हे ड्रायव्हरला कळायचं कसं? तो एलईडीच्या वाटेत एक छोटा रेझिस्टर ठेवतो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजतो. रेझिस्टर मोठा ठेवला तर वीज वाया जाऊन तो तापतो, म्हणून पूर्ण प्रवाहाला तिथे, समजा, २०० मिलिव्होल्ट मिळतील इतकाच ठेवतात. मग १ टक्क्याला मिळतात २ मिलिव्होल्ट. आता हे मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरची स्वतःची एक चूक असते. समोर शून्य असतानाही तो थोडंसं काहीतरी वाचतो. या चुकीला ऑफसेट म्हणतात. एलएम३५८ सारख्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये तो काही मिलिव्होल्ट असतो. पोती तोलायच्या काट्यावर सोनं तोलायला घ्यावं, तशी ही गत. पूर्ण प्रकाशात २ मिलिव्होल्टची चूक म्हणजे १ टक्का, कुणी विचारणारही नाही. १ टक्क्यावर तीच चूक म्हणजे दिवा एकतर दुप्पट उजळ किंवा साफ बंद. एकाच खोलीतले एकाच बनावटीचे चार दिवे तळाशी चार तऱ्हांनी दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

मायक्रोव्होल्टमध्ये ऑफसेट असलेल्या चिप मिळतात आणि चांगल्या ड्रायव्हरमध्ये त्या असतातही. तरी प्रवाह फारच कमी केला की खुद्द एलईडी एकमेकांसारखे वागत नाहीत. अगदी थोड्या प्रवाहात त्यांच्यातले बारीक दोष डोकं वर काढतात, आणि काही एलईडी बाकीच्यांच्या आधी मावळतात. पांढऱ्या रंगाची छटाही थोडी सरकते.

मग दिवा चालू-बंद करत राहायचा

दुसरा मार्ग असा की प्रवाह नेहमी पूर्णच द्यायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. सेकंदाला हजार वेळा दिवा चालू-बंद केला आणि प्रत्येक वेळी दहावा हिस्सा वेळच चालू ठेवला, तर डोळ्याला सरासरी दिसते, १० टक्के. चालू काळाला पल्स म्हणतात आणि या पद्धतीला पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम. एलईडीला प्रत्येक वेळी पूर्ण प्रवाह मिळत असल्याने रंग फारसा बदलत नाही आणि मोजमापाची ती २ मिलिव्होल्टची भानगडही टळते.

कागदावर हे इतकं नेटकं दिसतं की बरेच जण इथेच थांबतात. तळाशी काय होतं ते जरा जवळून बघू.

सेकंदाला हजार चक्रं म्हणजे एक चक्र १,००० मायक्रोसेकंदांचं. त्यात ०.१ टक्के प्रकाश हवा असेल तर पल्स १ मायक्रोसेकंदाची. आता ड्रायव्हरमध्ये तारेचं एक वेटोळं असतं, इंडक्टर. प्रवाह त्यातून जातो आणि त्याला तो एकदम वाढू देत नाही. समजा पुरवठा २४ व्होल्टचा आहे, एलईडींच्या माळेला १२ व्होल्ट लागतात आणि इंडक्टर १०० मायक्रोहेन्रीचा आहे. उरलेल्या १२ व्होल्टच्या जोरावर प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १२० मिलिअँपिअरने वाढतो. ३५० ला पोचायला त्याला जवळपास ३ मायक्रोसेकंद हवेत, आणि आपण दिलाय एक.

परिणाम असा की प्रवाह १२० पर्यंत चढतो आणि पल्स संपल्यावर तितक्याच वेळात उतरतो. पल्सच्या लांबीवरून जेवढा प्रकाश अपेक्षित होता त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आता पल्स दुप्पट करा, २ मायक्रोसेकंद. प्रवाह २४० पर्यंत चढतो आणि उतरायलाही दुप्पट वेळ घेतो. म्हणजे उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, प्रकाश चौपट! बटण सारखंच फिरतंय, पण या पट्ट्यात प्रकाश भलत्याच घाईने वर-खाली होतो. मंद करताना शेवटी दिवा एकदम ‘पडल्यासारखा’ वाटतो, त्याची एक मुळी इथे आहे.

शिवाय ड्रायव्हर स्वतः आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा स्विच होत असतो. ५ लाख वेळा म्हटलं तरी त्याचं एक आवर्तन २ मायक्रोसेकंदांचं. आपली पल्स त्याच्या एका आवर्तनाहून लहान. ड्रायव्हरने प्रवाह मोजून सुधारायचा म्हटलं, तर मोजेपर्यंत पल्स संपलेली असते.

पायऱ्या पुरेशा बारीक नसतात

पल्सची लांबी ठरवणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, ती मोजून ठरवतो, त्यामुळे लांबी पायऱ्यापायऱ्यांनीच बदलते. ८ बिटांच्या मोजणीत २५५ पायऱ्या मिळतात. ऐकायला भरपूर, पण पहिली पायरीच ०.३९ टक्क्यांची, आणि दुसरी तिच्या दुप्पट. पन्नासाव्या पायरीवरून एक्कावन्नाव्यावर जाताना प्रकाश २ टक्क्यांनी बदलतो, ते एक वेळ खपून जातं. पहिलीवरून दुसरीवर जाताना तो १०० टक्क्यांनी बदलतो. वर पायऱ्या वाया चाललेल्या, खाली पायऱ्यांचा दुष्काळ.

मग १६ बिट घ्या, पायऱ्या ६५,५३६. पण चिपच्या १६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देणाऱ्या, घड्याळावर एवढं मोजायला लागणारा वेळ धरला तर सेकंदाला फक्त २४४ चक्रं होतात, आणि इतकं हळू लुकलुकणं त्रासदायक. १२ बिटांवर तडजोड केली तर चक्रं ३,९०६ मिळतात, ती उत्तम, पण ०.१ टक्क्याच्या आसपास चौथी पायरी आणि पाचवी पायरी यांत २५ टक्क्यांचा फरक. घड्याळ तेच असेल तर बारकावा आणि वेग यांत एकाला ओढलं की दुसरं आखडतं.

डोळ्याला दिसत नाही तर लुकलुकण्याची काळजी कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. स्थिर नजरेला साधारण ६० ते ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळांच्या, वरचं लुकलुकणं सलग दिसतं. पण नजर स्थिर नसते. डोळा झरकन वळला की लुकलुकणारा दिवा एका रेषेत ठिपक्यांची माळ सोडून जातो. रात्री काही गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांकडून नजर फिरवताना अशी माळ अनेकांनी पाहिली असेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकताना दिसतात ते वेगळंच. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये १७८९ क्रमांकाची शिफारस काढली. त्यातल्या हिशोबाने, दिवा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत असेल तर १,२५० हर्ट्झच्या वर धोका कमी समजायचा आणि ३,००० हर्ट्झच्या वर परिणाम जाणवू नये. म्हणजे वेग वाढवायलाच हवा, आणि वेग वाढवला की वरची ती १ मायक्रोसेकंदाची पल्स आणखी लहान होते.

जाणकार काय करतात

पहिली युक्ती दोन्ही पद्धती एकत्र वापरायची. १०० पासून १० टक्क्यांपर्यंत सलग प्रवाह कमी करायचा, तिथून खाली तो १० टक्के प्रवाह पीडब्ल्यूएमने कापायचा. ०.१ टक्क्यासाठी आता पल्स १ नाही, १० मायक्रोसेकंदांची पुरते. प्रवाहही ३५० ऐवजी ३५ पर्यंतच चढवायचा असतो. मोजायला २ ऐवजी २० मिलिव्होल्ट मिळतात. अर्थात १० टक्क्यांवर जिथे एक पद्धत संपून दुसरी सुरू होते, तो सांधा नीट बसवला नाही तर तिथे दिवा हलकासा उचकी देतो. इतक्या कमी प्रवाहात इंडक्टरमधला प्रवाहही मध्ये मध्ये शून्यावर जातो आणि नियंत्रणाचा हिशोब बदलतो. तरीही सगळ्या तोडग्यांत मला हाच सर्वांत शहाणा वाटतो.

दुसरी युक्ती आडदांड वाटते, पण चालते. एलईडींच्या माळेला समांतर एक मॉस्फेट, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, जोडायचा. अंधार हवा असेल तेव्हा तो चालू करून प्रवाहाला बाहेरची वाट द्यायची. इंडक्टरमधला प्रवाह थांबतच नाही, त्यामुळे तो पुन्हा चढवायचा प्रश्नच नाही. प्रकाश मायक्रोसेकंदाच्या अंशात येतो-जातो. किंमत एवढीच की दिवा अंधारा असतानाही थोडी वीज उष्णतेत जाते.

पायऱ्यांचा दुष्काळ मिटवायला डिदरिंग करतात. सव्वाचार पायऱ्यांइतका प्रकाश हवा असेल तर तीन चक्रं चौथ्या पायरीवर, एक चक्र पाचव्या पायरीवर. ३,९०६ हर्ट्झवर हा चौकडा सेकंदाला जवळपास ९७६ वेळा फिरतो आणि डोळ्याला सरासरी दिसते.

बटण आणि प्रकाश यांचं नातंही डोळ्याच्या पट्टीवर बेतावं लागतं. डाली ही इमारतींमधल्या दिव्यांच्या नियंत्रणाची पद्धत, आयईसी ६२३८६ या मानकात बसवलेली, हे छान करते. तिच्यात ०.१ ते १०० टक्क्यांपर्यंत २५४ पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळी आधीच्या पातळीहून सुमारे २.८ टक्क्यांनी मोठी. फरक सारखा नाही, प्रमाण सारखं. म्हणूनच १२७ वी पातळी, म्हणजे नेमकी मधली, फक्त ३ टक्के प्रकाशाची आहे. प्रत्यक्ष ड्रायव्हर ०.१ पर्यंत उतरेल याची हमी मात्र ही पट्टी देत नाही. तो ५ टक्क्यांवर थांबणारा असेल तर थांबतोच.

मोठा कपॅसिटर टाकला तर?

कपॅसिटर वीज साठवून लुकलुकणं भरून काढतो, त्यामुळे हा विचार सुचणं स्वाभाविक आहे. सलग प्रवाहाच्या पद्धतीत तो उपयोगीही पडतो. पीडब्ल्यूएममध्ये मात्र एलईडीपाशी मोठा कपॅसिटर बसवला की पल्सच्या कडा विरघळतात. छोटी पल्स त्याला भरण्यातच खर्ची पडते आणि तळाचा प्रकाश बेभरवशाचा होतो.

आणि भिंतीवरचा डिमर?

वरचं सगळं झालं तरी जुना डिमर घोटाळा करू शकतो. त्याच्यातला ट्रायॅक हा स्विच विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग अडवतो आणि उरलेला सोडतो. ५० हर्ट्झच्या विजेत अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. पण ट्रायॅक चालू राहायला त्याच्यातून किमान काही प्रवाह जावा लागतो. ६० वॉटचा तारेचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर घेतो, ७ वॉटचा एलईडी जेमतेम ३०. मंद केल्यावर त्याहून कमी. ट्रायॅक लाटेच्या मधेच सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो, आणि दिवा थरथरतो. एका डिमरवर एकच एलईडी बिनसतो आणि चार लावले की सगळे सुतासारखे चालतात, ते यामुळेच. जोडीला तारेचा एक बल्ब ठेवण्याचा जुगाडही त्यामुळेच लागू पडतो. काही ड्रायव्हर हेच काम ब्लीडर नावाच्या सर्किटने करतात, म्हणजे ट्रायॅकला धरून ठेवण्यापुरता प्रवाह मुद्दाम पितात. वीज थोडी वाया जाते, दिवा थोडा तापतो.

अर्ध्या लाटेतले २ मिलिसेकंदच उरले असतील तर ०.१ मिलिसेकंदाची चुळबुळही ५ टक्क्यांची ठरते. चांगला ड्रायव्हर अशा बऱ्याच लाटांची सरासरी काढून मगच प्रकाश हलवतो. लाटेचा शेवट कापणारे, मॉस्फेटवर चालणारे डिमर एलईडीशी सहसा जास्त जुळवून घेतात. त्यांना धरून ठेवायला किमान प्रवाह लागत नाही, आणि लाट शून्यापासून सुरू होत असल्याने झटकाही बसत नाही.

तळाशी बंद केलेला दिवा तिथेच का लागत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. ड्रायव्हरच्या चिपला सुरू व्हायला जितकं व्होल्टेज लागतं, तितकं चालू राहायला लागत नाही. चालता चालता ती खालपर्यंत तग धरते, पण तिथून नव्याने उठू शकत नाही. पुरवठा अगदीच काठावर असेल तर ती उठते, दिवा लावते, त्याच्या भाराने दमते, बंद पडते आणि पुन्हा उठते. बाहेरून हे ठरावीक अंतराने मिचमिचणं दिसतं.

खोक्यावरचा ‘१ टक्का’ कसा वाचायचा

तो १ टक्का मोजलेल्या प्रकाशाचा असेल तर डोळ्याला ९-१० टक्के दिसेल, काळोखाच्या जवळपासही नाही. झोपायच्या खोलीत किंवा पडद्यावर सिनेमा बघायच्या जागेत ०.१ टक्क्यापर्यंत उतरणारा ड्रायव्हर शोधावा. जिन्यात किंवा बैठकीच्या खोलीत १ टक्का बास, आणि कामाच्या टेबलावर १० टक्क्यांपर्यंतचाही चालतो. तिथे जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. उत्पादकाने कोणत्या डिमरबरोबर दिवा तपासला त्याची यादी असेल तर ती आकड्याहून जास्त कामाची, कारण आकडा दिव्याचा असतो आणि घोटाळा बऱ्याचदा जोडीचा.

दुकानात तपासायची संधी मिळाली तर एकच दिवा न लावता दोन लावा आणि दोन्ही अगदी तळाला आणून शेजारी शेजारी बघा. बटण हळू फिरवा, कारण झटक्यात फिरवल्यावर पायऱ्या लपतात. मग तळालाच बंद करून तिथेच पुन्हा चालू करा. शेवटी मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर जाड पट्टे दिसले तर चालू-बंद होण्याचा वेग कमी असण्याची शक्यता बरीच. पट्टे दिसले नाहीत म्हणून मात्र वेग चांगला आहे असं धरून चालू नका, कारण काही कॅमेरे ते आपणहून पुसून टाकतात.